युद्ध जनतेच्या नावावर, पुरावा मात्र कुलपात!

सरकार युद्धाला निघते ते कोणाच्या नावावर? जनतेच्या. मुले जनतेची मरतात, करही जनताच भरते. मग युद्धाचे कारण आणि योजना सांगताना तिला अर्धेच का सांगितले जाते? इराक युद्धापूर्वी अमेरिकेत हा प्रश्न धसास लावू पाहणारे सिनेटर होते फ्लोरिडाचे बॉब ग्रॅहम.

सप्टेंबर २००२ मध्ये ग्रॅहम सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष होते. बुश सरकार सद्दामविरुद्ध युद्धाचे वातावरण तापवत होते. इराकच्या शस्त्रांबाबत सर्व गुप्तचर यंत्रणांचा एकत्रित अहवाल दाखवा, असे त्यांनी सीआयएला सांगितले. उत्तर मिळाले, असा अहवाल तयारच केलेला नाही! म्हणजे लग्न ठरले, मांडव पडला, आणि मुलगी कोणी पाहिलीच नव्हती. समितीने आग्रह धरल्यावर सुमारे तीन आठवड्यांत घाईघाईने नव्वदहून अधिक पानांचा अहवाल तयार झाला, तोही गोपनीय.

ग्रॅहम यांनी तो वाचला आणि जनतेसाठी खुला करा अशी मागणी केली. जनतेच्या हाती पडली २५ पानांची पुस्तिका. मूळ अहवालात ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांचा मतभेद नोंदलेला होता, की ज्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांवरून अणुबॉम्बची भीती घातली जात होती त्या बहुधा रॉकेटसाठी आहेत. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाला तर इराकने अणुकार्यक्रम पुन्हा सुरू केल्याचा पुरेसा पुरावाच दिसत नव्हता. पुस्तिकेत हे मतभेद एकतर गायब, नाहीतर ते कोणाचे याचा पत्ता नाही. इतकेच नव्हे, 'आमचा अंदाज आहे' यासारखे शब्दही अनेक ठिकाणी वगळले गेले आणि अंदाजाची वस्तुस्थिती झाली. सिनेटच्या त्याच समितीने २००४ च्या अहवालात हे नमूद केले आहे.

मी वकील आहे. सरतपासणीची पाने ठेवायची, उलटतपासणीची फाडायची आणि मग न्यायाधीशाला म्हणायचे, द्या निकाल! कोणते न्यायालय हे खपवून घेईल? अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे, राष्ट्राध्यक्षाला नव्हे. पण निकाल देणाऱ्यांतल्या बहुतेकांनी पूर्ण अहवाल वाचण्याची तसदी घेतली नाही आणि जनतेला तर तो मिळालाच नाही. ज्याने वाचला होता त्याच्या तोंडाला गोपनीयतेचे कुलूप! ११ ऑक्टोबर २००२ रोजी सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजुरी दिली. ग्रॅहम त्या २३ मध्ये होते. ते काही शांतिवादी नव्हते. १९९१ च्या आखाती युद्धाच्या बाजूने त्यांनी मत दिले होते, आणि आता अल् कायदाविरुद्धची लढाई आधी पूर्ण करा असे त्यांचे म्हणणे होते.

युद्धानंतरच्या योजनेचीही तीच गत. २५ फेब्रुवारी २००३ रोजी सिनेटर कार्ल लेव्हिन यांनी विचारले तेव्हा लष्करप्रमुख शिन्सेकी यांनी सांगितले, ताबा टिकवायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांत संरक्षण उपमंत्री वोल्फोवित्झ यांनी हा आकडा साफ चुकीचा ठरवला. ज्याने आयुष्य सैन्यात घालवले तो चुकीचा, आणि कार्यालयात बसणारा बरोबर! मार्चमध्ये फौजा इराकमध्ये घुसल्या. शस्त्रसाठे सापडले नाहीत, आणि ताब्याचे काय झाले ते जगाने पाहिले.

त्या ताब्यासाठी आपल्या देशाकडेही सैन्य मागितले गेले होते. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने नकार दिला. तो नकार आला नसता तर आपल्या खेड्यापाड्यांतल्या जवानांच्या शवपेट्या त्याच २५ पानांच्या पुस्तिकेच्या भरवशावर परत आल्या असत्या.

ग्रॅहम यांनी ही हकिकत नोव्हेंबर २००५ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून सांगितली. तोवर दोन हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले होते. इराकी नागरिक किती मेले, हा आकडा त्याहून कितीतरी मोठा होता.