लॅबच्या दारावरचा कागद

पोखर्णी म्हटलं की आपल्याला आधी नृसिंहाचं देऊळ आठवतं. पण सकाळच्या वेळी स्टेशनवर जाऊन बघा. पाठीला सॅक, हातात डबा आणि ओढणीला पिन लावून परभणीच्या गाडीची वाट बघणाऱ्या मुली दिसतील. कुणी बी.ए.ला, कुणी बी.एस्सी.ला, तर कुणी कृषी विद्यापीठात. त्यांच्या आयांनी शाळेच्या पुढचं दार पाहिलेलं नाही, आणि या पोरी मात्र कॉम्प्युटर लॅबमध्ये बसतात. कौतुकच आहे.

अशाच एका मुलीची आई परवा डोळ्यांत पाणी आणून सांगत होती. "ताई, पोरीनं मैत्रिणीला पासवर्ड दिला. तिचा फॉर्म भरायचा राहिला होता म्हणून. मैत्रिणीनं तो आणखी कुणाला तरी दिला. त्यानं आमच्या पोरीच्या नावानं एका मुलाला घाणेरडा मेसेज पाठवला. कॉलेजात बोलावणं आलं. आता तिचे वडील म्हणतात, बास झालं शिक्षण!"

पोरीची चूक किती? पासवर्ड दिला, एवढीच. शिक्षा काय? शिक्षणच बंद.

मैत्रिणींनो, लॅबच्या दारावर बहुतेक ठिकाणी एक कागद चिकटवलेला असतो. संगणक आणि नेटवर्क वापरण्याचे नियम. तो बऱ्याचदा इंग्रजीत असतो आणि कुणी वाचत नाही. सगळीकडे त्यातल्या गोष्टी साधारण सारख्याच असतात: आपलं खातं दुसऱ्याला वापरू देऊ नका, दुसऱ्याच्या खात्यात शिरू नका, चोरीचं सॉफ्टवेअर टाकू नका, कुणाला त्रास होईल असं काही पाठवू नका, अभ्यासासाठी दिलेलं नेट धंद्यासाठी वापरू नका. आणि शेवटी, कोणत्या खात्यावरून कधी काय झालं याची नोंद संस्था ठेवते.

ही शेवटची ओळ महत्त्वाची. मशीनला चेहरा दिसत नाही, फक्त नाव दिसतं. पासवर्ड देणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणं. बचतगटाच्या पासबुकावर आपण तशी सही देतो का? मग इथं का द्यायची?

कायद्यालाही हे कळतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि कलम ६६ सी आलं. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे गुन्हेगार तो वापरणारा, विश्वासानं देणारी मुलगी नव्हे. हे त्या वडिलांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

पण नियमांची दुसरी बाजूही आहे. नियमाच्या नावाखाली मुलींनाच कोंडायची आपल्याला जुनी सवय. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायला बंदी होती. एका विद्यार्थिनीनं ती मानली नाही, तेव्हा तिला वसतिगृहातून काढलं. ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं सांगितलं, इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला वसतिगृहात परत घ्यावं लागलं.

आपल्याकडचंही आठवा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका मजकुरावरून अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं नुसतं लाइक केलं होतं. तेव्हाचं कलम ६६ ए नंतर श्रेया सिंघल या तरुणीच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. सांगायचं काय, तर शिस्त हवी, पण ती कुणासाठी आणि कशासाठी, हे विचारायचा हक्क आपल्या लेकींना आहे.

म्हणून मागणी साधी आहे. तो कागद मराठीत लावा. प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात अर्धा तास काढून मुलामुलींना समजावून सांगा. त्रास झाला तर कुणाकडे जायचं, त्या बाईंचं नाव आणि खोली त्याच कागदावर लिहा. आणि तक्रार घेऊन आलेल्या मुलीला "तू नेट वापरतेसच कशाला?" असं विचारू नका.

आणि आयांनो, आपल्यालाही थोडं करायचं आहे. लेकीला बजावा: पासवर्ड कुणालाही नाही, अगदी जिवलग मैत्रिणीलाही नाही. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात ओटीपी ओरडून सांगायचा नाही. उठताना लॉगआउट. गैरवापर झालाच तर लगेच पासवर्ड बदलायचा, मेसेज पुसायचा नाही, त्याचा फोटो ठेवायचा आणि कॉलेजला लेखी कळवायचं. सायबर गुन्ह्याची तक्रार पोलिसांकडे करता येते, तिच्यासाठी सरकारी वेबसाइटही आहे. पैसे गेले तर १९३० वर ताबडतोब फोन.

सगळ्यात मोठं काम मात्र घरातलंच. लेक घाबरत घाबरत सांगायला आली, तर आधी ऐकून घ्या. ओरडलात तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही, आणि ज्यानं खोड काढली त्याला तेच हवं असतं. चूक पासवर्डाची असेल, तर पासवर्ड बदला. पोरीची सकाळची गाडी मात्र बंद करू नका.