नाव झाकले की मत मोकळे होते

देवनार - टाटा समाजविज्ञान संस्थेवरून जाणाऱ्या व्ही. एन. पुरव मार्गाने शीवच्या दिशेने निघाले, की चुनाभट्टीजवळ मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन लागते. कादंबरीवर वाचकाचे प्रामाणिक मत कसे मिळवावे, या जुन्याच प्रश्नाचे एक उत्तर या परिषदेच्या इतिहासात सापडते.

परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या अपरिचित लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. १९६५ मध्येच पद्मभूषण मिळालेल्या या शास्त्रज्ञाने आपली आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले. अक्षर ओळखले जाऊ नये, म्हणून पत्नी मंगला यांच्याकडून हस्तलिखित लिहून घेतले. परीक्षकांनी कथा वाचावी, कीर्ती नव्हे, एवढाच हेतू होता. पुढे 'प्रेषित', 'वामन परत न आला' या कादंबऱ्या आल्या आणि २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही. मे २०२५ मध्ये ते निवर्तले.

जे. के. रोलिंग यांचा अनुभव याहून बोलका आहे. हॅरी पॉटरच्या अद्भुत जगातून बाहेर पडून त्यांनी २०१३ मध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने आजच्या लंडनमधील रहस्यकादंबरी लिहिली. अभिप्राय चांगले आले. खप मात्र सुमारे १,५०० प्रतींचा. जुलैमध्ये खरे नाव फुटले आणि तेच पुस्तक खपाच्या यादीत अग्रस्थानी गेले. मजकुरात एका शब्दाचाही फरक झालेला नव्हता!

मराठीत नावाइतकाच शिक्काही आड येतो. नारायण धारप यांच्या भयकादंबऱ्या वाचनालयांतून झिजेपर्यंत वाचल्या गेल्या, पण समीक्षेने त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवले. त्यांच्या कथेचा आधार असलेला 'तुंबाड' २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा अनेकांना धारप आठवले. वाचकांचे मत आधीही होतेच. ते कोणी विचारले नव्हते.

अद्भुत कादंबरीत लेखकाने घातलेले नियम त्यानेच पाळले की नाही, हे कोणताही सावध वाचक सांगू शकतो. समकालीन कादंबरीचा परीक्षक मात्र त्या वस्तीतच राहतो. देवनारचे क्षेपणस्थळ १९२७ पासूनचे. जानेवारी २०१६ च्या आगीत ज्यांनी तो धूर गिळला, ज्यांच्या मुलांच्या शाळा बंद राहिल्या, त्यांना झोपडपट्टीच्या वर्णनातले कोणते पान दुरून लिहिले आहे, हे चटकन कळेल. प्रकाशन समारंभाच्या व्यासपीठावर त्यांची खुर्ची नसते. वाचनालयाच्या नोंदवहीतही पुस्तक नेल्याची आणि परत केल्याची तारीख असते. ते अर्ध्यावरच का परत आले, यासाठी रकाना नसतो.