प्रेस शॉपमधील सुरक्षा-यंत्रणा पूर्ववत करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक,
वाळूज औद्योगिक वसाहत, छत्रपती संभाजीनगर

महोदय,

सुरक्षा समितीतील कामगार-प्रतिनिधींच्या वतीने हे चौथे निवेदन सविनय सादर आहे. पहिला अर्ज पावसाळ्यापूर्वी आपल्या दप्तरी दाखल झाला, गणपतीच्या आधीच्या स्मरणपत्रावर ‘आठ दिवसांत तजवीज करू’ असा शेरा मिळाला, दिवाळीनंतरच्या बैठकीत तेच आश्वासन नव्या मुदतीसह पुन्हा पदरी पडले. आणि आज संक्रांत उलटली तरी प्रेस क्रमांक 3 च्या पॅनेलमधील जम्पर जागच्या जागी आहे.

या प्रेससमोरील प्रकाशकिरणांच्या पडद्यात हात शिरताच स्ट्रोक थांबावा, अशी योजना. परंतु तेलाच्या तुषारांनी काच मळून प्रेस वारंवार अडू लागली, टार्गेट चुकू लागले, तेव्हा काच पुसण्याची व्यवस्था करण्याऐवजी एका रात्रपाळीत पॅनेलमध्ये लाल वायरचा जम्पर टाकून तो पडदाच आंधळा करण्यात आला. ऑडिटच्या दिवशी वायर निघते. पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडते न पडते तोच पुन्हा लागते. याच अवस्थेत, दिवाळीनंतरच्या त्या बैठकीस पंधरवडा होतो न होतो तोच, एका कंत्राटी सहकाऱ्याची दोन बोटे गेली. ज्या लाइनवर कॅमेरा तुकड्याच्या कडेवरील केसाएवढा चराही पकडतो आणि रिजेक्शनच्या प्रत्येक नगाची कारणमीमांसा दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत होते, त्याच लाइनवर दोन बोटांची कारणमीमांसा नोंदवहीत ‘कामगाराचे दुर्लक्ष’ एवढ्या दोन शब्दांत आटोपली आहे. आपल्याच प्रशिक्षणवर्गात सांगितले होते की, ‘पोका-योके’, म्हणजे नकळत होणाऱ्या चुकांपासून बचाव, हा शब्द मुळात ‘बाका-योके’, म्हणजे मूर्खापासून बचाव, असा होता व तो एका कामगाराला बोचला म्हणून जपानच्या शिगेओ शिंगो यांनी बदलला. ‘दुर्लक्ष’ लिहिणाऱ्याने तो वर्ग चुकविला असावा.

31 डिसेंबर 2023 च्या पहाटे याच वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्यास आग लागून सहा कामगार दगावले, त्यानंतर आमच्या मागील दाराचे कुलूप काढण्याचे आपण कबूल केले होते. तेही कुलूप आहेच.

तरी जम्पर तात्काळ काढावा. पॅनेलची किल्ली पाळीप्रमुखाकडे न राहता सुरक्षा अधिकाऱ्याकडे असावी. काच प्रत्येक पाळीच्या आरंभी पुसली जावी. जम्पर निघेपर्यंत प्रेस बंद ठेवावी. आणि अपघाताचा अहवाल जखमी सहकाऱ्याची जबानी घेऊन नव्याने लिहावा. मागील दाराच्या कुलुपाचाही विचार व्हावा.

या वेळी शेरा नको. जम्पर काढल्याची वेळ व काढणाऱ्याची सही असलेला कागद येत्या सोमवारी पहिल्या पाळीपूर्वी मिळावा. अन्यथा हेच निवेदन औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे दाखल करणे आम्हांस भाग पडेल.

कळावे,

आपले विश्वासू,
कामगार-प्रतिनिधी, सुरक्षा समिती