कूलरची दुरुस्ती हा जीविताचा प्रश्न

वैशाखाचा दाह ज्यांनी यवतमाळ, वणी किंवा पांढरकवडा येथे सोसला आहे, त्यांना कूलर ही चैनीची वस्तू नसून प्राणरक्षणाचे साधन आहे, हे निराळे पटवून द्यावे लागत नाही. पारा ४४-४५ अंशांवर चढतो, नवतपात रात्रीही भिंती तापलेल्या राहतात, आणि अशा वेळी पाण्याने भिजलेल्या वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या ताट्यांतून ओढलेली हवा बाष्पीभवनाने थंड होऊन घरात येते. हवा जितकी कोरडी तितका गारवा अधिक, म्हणून कोकणातील दमट हवेत निरुपयोगी ठरणारे हे यंत्र विदर्भात अल्प विजेवर सामान्य कुटुंबाला तारते. परंतु पाणी आणि वीज जेथे एकाच लोखंडी पेटीत नांदतात, तेथे दुरुस्तीत हयगय झाली तर ती थेट जिवावर बेतते.

चैत्र लागताच वर्षभर धूळ खात पडलेले कूलर एकदम बाहेर निघतात. पंप अडकलेला, कपॅसिटर निकामी, वायरीचे आवरण उंदरांनी कुरतडलेले, आणि गावातील मोजक्या कारागिरांच्या दारी एकच गर्दी. पंखा फिरला की काम झाले, असे ग्राहक मानतो, आणि घाईत कारागीरही तेच मानतो. अर्थिंगची तपासणी मात्र राहून जाते; तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकून तो दोन पिनांच्या सॉकेटात बसवण्याचा प्रघात तर सर्वपरिचित आहे. पंपाच्या वायंडिंगचे आवरण खराब झाले की प्रवाह पत्र्यावर उतरतो आणि अर्थिंग नसल्यास ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या देहातून जमिनीकडे जातो. कूलरमध्ये पाणी भरताना विजेच्या धक्क्याने मृत्यू, हे वृत्त विदर्भात उन्हाळ्यामागून उन्हाळे छापले जाते, आणि आपण ते दैवगती समजून पान उलटतो.

एअर कंडिशनरच्या बाबतीतही अज्ञानाची किंमत मोजावी लागते. त्यातील वायू मोटारीतील पेट्रोलाप्रमाणे खर्च होत नाही. तो कमी झाला म्हणजे कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता दरसाल ‘गॅस भरणे’ म्हणजे ग्राहकाच्या पैशाचा अपव्यय होय. शिवाय नव्या यंत्रांतील आर-३२ हा वायू सौम्य ज्वालाग्राही असल्याने त्याची हाताळणी प्रशिक्षित हातांनीच व्हावी.

याचा सारा दोष कारागिराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शिक्षणाची तजवीज न करता आपण त्याच्याकडून केवळ स्वस्ताई आणि तातडी मागितली आहे. म्हणून शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी फाल्गुनातच तालुक्याच्या गावी या कारागिरांसाठी अल्पमुदतीचे वर्ग भरवावेत, नगरपालिकांनी त्यांना प्रमाणपत्रे द्यावीत आणि त्यांची यादी जाहीर करावी. प्रत्येक दुरुस्तीची अखेर अर्थिंगच्या तपासणीने व लेखी पावतीने व्हावी, कारण सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दाद मागायची झाल्यास पावती हाच पहिला दाखला ठरतो. घरमालकांनीही ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे संरक्षक उपकरण बसवावे, आणि कूलर बंद करून प्लग काढल्याखेरीज त्यात पाणी भरू नये.

खर्चाची सबब पुढे केली जाईल. परंतु अर्थिंगच्या वायरीला आणि पावतीच्या कागदाला लागणारा पैसा गरीब घरालाही झेपणारा आहे, आणि ज्याला तोही झेपत नसेल त्याच्यासाठी तो नगरपालिकेने सोसावा, इतका हा लोकांच्या जीविताशी निगडित प्रश्न आहे.