‘फिजिक्स@123’ सुरक्षित कोणी ठरवला?

26 सप्टेंबर 2024 रोजी पुणे, दिल्ली व कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले आणि त्यांच्या 130 कोटी रुपयांच्या खर्चाची वृत्ते सर्वत्र झळकली. अशा यंत्रांपर्यंत संशोधक विद्यार्थी ज्या साध्या संगणकांवरून पोहोचतात, त्यांवर लिनक्स कसे बसवले जाते, याची मात्र बातमी कधीच होत नाही.

फेडोराचा इन्स्टॉलर पासवर्ड मागतो, ‘हा कमकुवत आहे’ असे बजावतो, आणि ‘डन’ दोनदा दाबले की मुकाट्याने पुढे जातो. प्रयोगशाळांमध्ये हे दोनदा दाबणे ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडे परंपरेने येते. पुढे संस्थेचा नियम येतो: एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह, आणि दर तीन महिन्यांनी बदल. विद्यार्थी ‘फिजिक्स@123’ ठेवतो, तीन महिन्यांनी ‘फिजिक्स@124’ करतो. नियमाचे समाधान होते. चोराचेही होते.

यावर ‘विद्यार्थी बेशिस्त आहेत’ हा ठरलेला शेरा मला अमान्य आहे. बेशिस्त नियमातच आहे, कारण तो चुकीची राशी मोजतो. कळफलकावरील 94 चिन्हांतून यादृच्छिकपणे आठ निवडली, तर सुमारे 6×10¹⁵ शक्यता होतात. केवळ 26 लहान अक्षरांतून तशीच बारा निवडली, तर सुमारे 9.5×10¹⁶, म्हणजे पंधरा पटींहून अधिक. येथे ‘यादृच्छिकपणे’ हा शब्द कळीचा आहे. एंट्रॉपी पासवर्डच्या दिसण्यात नसते, तो निवडण्याच्या रीतीत असते. सांख्यिकी भौतिकी शिकवणाऱ्या विभागांनी तरी हे विसरू नये!

सक्तीच्या चिन्हांचा हा सल्ला अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या 2003 च्या दस्तऐवजातून जगभर पसरला. 2017 मध्ये त्याच संस्थेने तो मागे घेतला: चिन्हांची सक्ती नको, ठरावीक मुदतीने बदल नको, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी पडताळणी मात्र हवी. मूळ लेखक बिल बर यांनी त्याच वर्षी जाहीर खेद व्यक्त केला. आपल्याकडील परिपत्रके 2003 मध्येच थांबलेली दिसतात.

याहून विचित्र बाब लिनक्सच्या आत आहे. पासवर्डची गुणवत्ता तपासणारे ‘पीडब्ल्यूक्वालिटी’ मॉड्यूल साध्या वापरकर्त्याला अडवते, पण रूटने पासवर्ड बदलला तर मूळ मांडणीत नुसता इशारा देऊन गप्प बसते. सर्वाधिक अधिकार असलेल्यालाच सवलत! ती बंद करणारा ‘एनफोर्स फॉर रूट’ हा पर्याय त्याच्या मांडणी-फाइलमध्ये आहे. शेजारीच ‘बॅडवर्ड्स’ आहे. त्यात विभागाचे, संस्थेचे, गावाचे नाव घातले की ‘फिजिक्स@123’ दारातच अडतो.

मे 2020 मध्ये एडिनबराचा ‘आर्चर’ आणि जर्मनीतील अनेक महासंगणक बंद ठेवावे लागले. घुसखोर वापरकर्त्यांची चोरलेली ओळखपत्रे घेऊन शिरले होते. तेथे पासवर्ड किती अवघड होता हा प्रश्नच गौण होता; चोरलेला अवघड पासवर्डही चोरलेलाच. म्हणून एकच खाते पाच जणांनी वापरणे हा माझ्या मते लहान पासवर्डपेक्षा मोठा अपराध आहे, आणि तो विद्यार्थ्यांचा नव्हे, स्वतंत्र खाती न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

संगणक-समित्यांकडे माझी मागणी साधी आहे. किमान लांबी पंधरा करा, चिन्हांची सक्ती काढा, त्रैमासिक बदल थांबवा. इन्स्टॉल करतानाच रूट खाते कुलूपबंद ठेवा, रोजच्या प्रशासनाला ‘सुडो’ पुरेसे आहे. महासंगणकाच्या दाराशी पासवर्डखेरीज दुसरा पुरावा मागा. ‘एवढ्याला वेळ कोठे आहे?’ असे कोणी विचारील. मांडणी-फाइलमधील या चार ओळी लिहायला दहा मिनिटे लागतात, आणि चालू आठवड्यात नवे संगणक बसणार असतील, तर ती दहा मिनिटे त्याच दिवशी काढावीत.