जुन्या गाडीची षष्ठी विभक्ति

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव कॅनडांत नोकरीस आहेत. वडील गेल्यापासून संसारांतील लहानमोठ्या गोष्टी ते आम्हांसच विचारतात. गेल्या पौषांत त्यांनीं विचारलें तें असें : तिकडे बर्फावरून धांवणारी एक यांत्रिक गाडी मिळते. पुढें घसरत्या दोन पट्ट्या, मागें रबराचा फिरता पट्टा, आणि वर मोटारसायकलीसारखी बैठक. क्वेबेक प्रांतांतील बोंबार्दिए नांवाच्या कल्पक गृहस्थांनीं ही गाडी सन १९५९ मध्यें सामान्य लोकांसाठीं बाजारांत आणली. आतां मात्र तिची किंमत अशी चढली आहे कीं नोकरदार माणूस नवीकडे नुसता पाहतो आणि जुनीच्या शोधास लागतो. त्यांतच यामाहा कंपनीनें हा धंदा आवरता घेत असल्याचें सन २०२३ मध्यें जाहीर केलें; तेव्हां त्या कंपनीची जुनी गाडी घ्यावी, तर पुढें सुटे भाग मिळतील कीं नाहीं ही धास्ती. “काका, नवी घेऊं कीं जुनी?” असा त्यांचा प्रश्न.

आम्हीं बर्फ पाहिला तो अर्नाळ्याच्या बंदरावर, मासळीच्या पेट्यांतून, आणि तोही नाकास उपरणें लावून. त्यावरून गाडी हांकण्याविषयीं आम्ही काय सांगणार! परंतु प्रश्न ओळखीचा होता. कारण त्याच आठवड्यांत आमच्या आगाशीच्या ओटीवर नेमका हाच वाद चालला होता.

आमच्या थोरल्या बंधूंच्या नातीस अंधेरीस नोकरी लागली. आगाशीहून विरारचें स्टेशन पांच-सहा किलोमीटर. सकाळची गाडी चुकली तर पुढची मिळते, पण तींत पाय ठेवण्यास जागा मिळत नाहीं, हें आमच्या भागांतील वाचकांस सांगावयास नको. तेव्हां स्कूटर हवी हें सर्वांस मान्य. सूनबाईंचें म्हणणें, मुलगी पहांटे एकटी निघणार, वाटेंत गाडी बंद पडली तर काय, म्हणून नवीच घ्यावी. थोरल्या बंधूंचें नेहमींचें पालुपद, “जुनें तें सोनें.” नात मात्र दोघांहून शहाणी निघाली. ती म्हणाली, “मला नवी आवडेल, पण पहिल्याच पगारापासून तीन वर्षें हप्ता भरणें आवडणार नाहीं.” घरांत एवढा हिशेब आजवर कोणीं बोलून दाखविला नव्हता.

नवी स्कूटर आज रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या घरांत जाते. ही महागाई केवळ कारखानदारांच्या लोभाची, असें आम्ही बरेच दिवस मानीत होतों. तें पुरतें खरें नाहीं. सन २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीस पांच वर्षांचा तृतीयपक्षी विमा एकदम उतरवावा लागतो. सन २०१९ च्या एप्रिलपासून लहान इंजिनाच्या गाडीस दोन्हीं चाकें एका वेळीं धरणारा जोड-ब्रेक सक्तीचा झाला, आणि १२५ घनसेंटीमीटरांवरील गाडीस चाक न अडकूं देणारा. पुढें १ एप्रिल २०२० पासून धुराचे ‘भारत-६’ नियम आले. जुना कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागीं इंधन मोजून फवारणारें यंत्र आलें, आणि धूर शुद्ध करणारी जी नळकांडी असते तींत पॅलॅडियम, ऱ्होडियम असे सोन्याच्या पंक्तीस बसणारे धातु घालावे लागले. त्यावर रस्त्याचा कर आणि नोंदणी. एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाच्या बाजूची घडली : २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंटीमीटरांपर्यंतच्या दुचाकीवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे कर धरून १२८ रुपयांस पडणारी वस्तु ११८ ची झाली. नवी उतरली म्हणजे जुनीही उतरली पाहिजे हें उघड आहे; पण जुनी विकणारे पुष्कळसे लोक अजून आधींचाच भाव सांगतात. घासाघीस करणाऱ्या वाचकांनीं हा मुद्दा खिशांत ठेवावा.

स्वच्छ हवेचे आणि सुरक्षित ब्रेकाचे पैसे देण्यास आमची ना नाहीं. विक्रीच्या दुकानांत बिलाच्या तळाशीं ज्या बारीक अक्षरांतील रकमा असतात, पायाखालची चटई अमुक, लोखंडी गज तमुक, त्यांविषयीं मात्र आमचें मन अद्याप शुद्ध झालेलें नाहीं.

तरुण वाचकांस नवल वाटेल, पण एके काळीं हा प्रश्न अगदीं उलटा होता. आमच्या वडिलांनीं सन १९७४ मध्यें बजाज स्कूटरसाठीं नांव नोंदविलें. बजाजचा इटलीच्या पियाजिओ कंपनीशीं असलेला करार सन १९७१ मध्यें संपला होता, आणि आकुर्डीच्या कारखान्यांतून महाराणा प्रतापाच्या अश्वाचें नांव धारण करणारी ‘चेतक’ बाहेर पडूं लागली होती. कारखान्यानें किती गाड्या कराव्यात हें सरकारी परवाना ठरवीत असे, आणि घेणारे कित्येक पट. आमचा क्रमांक लागला सन १९८१ त. मधल्या सात वर्षांत वडिलांची बदली दोनदां झाली, आत्याचें लग्न झालें आणि आम्ही शाळेंत शिकवूं लागलों. ज्यांचे नातलग परदेशांतून परकीय चलन पाठवीत, त्यांस रांग सोडून गाडी मिळे, बाकीच्यांनीं थांबावें. म्हणून त्या काळीं वापरलेली स्कूटर नवीहून महाग विकली जाई! आमची गाडी दारीं आली त्याच संध्याकाळीं वसईचे एक व्यापारी पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि छापील किंमतीवर बरीच रक्कम देऊं करून गाडी मागूं लागले. वडिलांनीं पेढे ठेवून घेतले आणि गाडी दिली नाहीं. ती त्यांनीं वीस वर्षें वापरली. बजाजनें स्कूटरचा धंदा सोडीत असल्याचें सन २००९ च्या डिसेंबरांत जाहीर केलें तेव्हां वडील हयात नव्हते, हें एका परीनें बरेंच झालें. त्याच चेतकाचें नांव सन २०२० मध्यें विजेच्या गाडीस मिळालें आहे.

आतां आमच्या फजितीची कथा. ती लिहावी कीं न लिहावी याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. पण ती न लिहितां या विषयावर उपदेश करणें अप्रामाणिकपणाचें होईल.

सन २००४ मध्यें आम्हीं गिअर नसलेली स्कूटर घेतली. त्या वेळीं पालघर जिल्हा व्हावयाचा होता. नोंदणी ठाण्याची, क्रमांक ‘एमएच ०४’ चा. सन २०१३ मध्यें गुडघ्यांनीं दगा दिला आणि आम्हीं ती एका ओळखीच्या कारागिरामार्फत विकली. घेणारा तरुण मुलगा होता, बोलण्यांत अदबशीर. त्यानें रोख पैसे मोजले. आम्हीं कोऱ्या अर्जांवर सह्या करून दिल्या आणि “नांव तेवढें लवकर करून घे, बाळा” असें म्हटलें. विद्यार्थ्यास ‘गृहपाठ करून आण’ म्हणण्याचीच ही रीत, आणि परिणामही तोच झाला. त्यानें नांव बदलून घेतलें नाहीं. त्यानें ती दुसऱ्यास विकली, दुसऱ्यानें तिसऱ्यास. सन २०१९ मध्यें आमच्या नांवें न्यायाधिकरणाची नोटीस आली. नालासोपाऱ्यांत त्या गाडीनें भाजी विकणाऱ्या एका बाईस धडक दिली होती. पायाचें हाड मोडलें होतें. गाडीचा विमा संपून तीन वर्षें झालीं होतीं. आणि सरकारी दप्तरांत मालक म्हणून आम्ही.

वकिलांनीं आम्हांस शांतपणें समजाविलें. ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यांत ठरविलें आहे कीं, ज्याचें नांव नोंदणींत आहे तोच मालक. त्यानें गाडी विकली, सोंपविली, पैसे घेतले, तरी जखमी माणसाची भरपाई त्याच्याकडून मागतां येते. आम्ही जन्मभर मुलांस शिकवीत आलों कीं स्वामी आणि वस्तु यांचा संबंध षष्ठीनें दाखवावा. “रामाचा घोडा” असें म्हटलें कीं घोडा कोठेंही चरत असो, तो रामाचा. घोड्यावर दुसराच बसला आहे, ही तक्रार षष्ठी ऐकून घेत नाहीं. साठी उलटल्यावर व्याकरणाचा हा धडा आम्हांस न्यायालयांत पुन्हां गिरवावा लागला.

पहिल्या तारखेस आम्ही मनांत संताप घेऊन गेलों. तेथें त्या बाई बांकावर बसल्या होत्या, शेजारीं कुबडी. त्यांचा धंदा आठ महिने बंद होता. आमची गाडी किती हातांतून गेली याचा शोध त्यांनीं कां करावा? तो करावयाचा होता आम्हीं. एवढें दिसल्यावर आमचा संताप टिकला नाहीं. पुढें लोकअदालतींत तडजोड झाली, आणि आमच्या निवृत्तिवेतनाच्या ठेवींतील एक पावती मुदतीपूर्वीं मोडावी लागली. ती पावती आम्हीं याच नातीच्या शिक्षणासाठीं ठेवली होती. तिच्या वडिलांनीं शिक्षणाचें कर्ज काढलें; तें अजून फिटावयाचें आहे. हप्त्याचा तिला एवढा तिटकारा कां, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

म्हणून या खेपेस जुनी घेण्याचें ठरलें तेव्हां पाहणी आणि कागद हीं दोन्हीं कामें आम्हीं मागून घेतलीं. धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत म्हणतात. परंतु पैसे मोजून घेतलेल्या गाईचे दांत, शिंगें आणि खूर, सर्व मोजावें.

आमच्या भागांत पहिली शंका पाण्याची. सन २०१८ च्या जुलैंत वसई-विरारांत कित्येक दिवस पाणी तुंबून राहिलें होतें, आणि सखल वस्त्यांत थोडेंबहुत तें बहुतेक पावसाळ्यांत तुंबतें. बुडालेली गाडी धुवून, रंग देऊन विकावयास येते. बैठक उचलून खालच्या कोपऱ्यांत बोट फिरवावें. पुसणाऱ्याचा हात जेथें पोंचत नाहीं तेथें वाळलेला गाळ सांपडतो. दिव्याच्या कांचेच्या आंतून पाण्याची रेघ दिसते. इंजिनाचें तेल कांडीवर काढून पाहावें. तें ताकासारखें पांढुरकें दिसलें तर पुढें बोलूं नये. दुसरी शंका खाऱ्या वाऱ्याची. अर्नाळा, कळंब, भुईगांव या बाजूस अंगणांत उभी राहिलेली गाडी वरून नवरीसारखी आणि खालून भंगारासारखी असूं शकते. तिला आडवी करून सांगाडा पाहावा. आणि गाडी पाहावयास सकाळीं न कळवितां थोडें आधींच जावें. इंजिन थंड असतांना जी गाडी सुखानें सुरू होते तिचें पोट ठीक आहे असें समजावें. या नियमापायीं आम्हांस एका घरीं दांत घासणारे गृहस्थ भेटले, पण गाडी वाईट निघाली ती तेथेंच कळली.

चार गाड्या पाहिल्या. एक पाण्यांतली, एक गंजलेली; तिसरीचा सांगाड्यावरील क्रमांक कागदाशीं जुळेना आणि विकणारा हंसूं लागला, तेव्हां आम्ही चहा न घेतां उठलों. चौथी बोळिंजच्या एका निवृत्त बँक कारकुनांची, सन २०२१ ची. म्हणजे नव्या धुराची आणि जोड-ब्रेकाची. भाव बावन्न हजारांस तुटला. सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर नातीनें क्रमांक घालून विमा, कर्ज आणि न भरलेले दंड सर्व पाहून घेतलें. कर्ज असतें तर बँकेच्या नाहरकतीसह ३५ क्रमांकाचा अर्ज लागला असता, तें नव्हतें. विकणाऱ्याचा अर्ज २९ क्रमांकाचा, घेणाराचा ३०. कायद्यानें एकाच राज्यांत विकणाऱ्यानें १४ दिवसांत आणि घेणारानें ३० दिवसांत कळवावयाचें असतें. विमाही नव्या नांवें करण्यास १४ दिवसांचीच मुदत.

त्या गृहस्थांनीं सवयीनें कोऱ्या अर्जांवर सह्या करून कागद आमच्यापुढें ठेवले आणि म्हणाले, “मास्तर, तुम्ही सज्जन माणसें, सवडीनें करा.” आम्हीं ते अर्ज परत त्यांच्याकडे सरकविले आणि त्यांच्यासमोर प्रत्येक रकाना भरविला. त्यांस थोडा राग आला असावा. मग आम्हीं त्यांस नालासोपाऱ्याची हकीकत सांगितली. ते कांहीं बोलले नाहींत. आंत जाऊन आपल्या आधारपत्राच्या आणखी दोन प्रती घेऊन आले. दुसऱ्या दिवशीं आम्ही तिघे मिळून परिवहन कार्यालयांत गेलों.

चौदाव्या दिवशीं नात कामावरून आली ती थेट ओटीवर, आणि तिनें मोबाइल आमच्यापुढें धरला. नोंदणींत तिचें नांव आलें होतें. सूनबाईंनीं गाडीस हळदकुंकू वाहिलें. आम्हीं नातीस मागें बसवून घेण्यास सांगितलें आणि त्याच संध्याकाळीं बोळिंजला गेलों. त्या गृहस्थांनीं चष्मा पुसला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, आणि आपलें नांव तेथें नाहीं हें दोनदां वाचून पाहिलें.