नकाशा लहान करू नका, तुकडे करा

बदलापूरच्या कडेची सोनिवलीसारखी गावं शहरात सामावत चालली, तशी जुन्या गाव नकाशाची गरज वाढली आहे. बांध, गाडीवाट आणि ओढा मुळात कुठे होता, हे वकिलाला, आर्किटेक्टला आणि जमिनीच्या वारसांना पाहायचं असतं. २६ जुलै २००५ चा पूर किंवा २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस आठवली, तर उल्हासच्या खोऱ्यात बुजलेल्या ओढ्याच्या रेघेचं मोल वेगळं सांगायला नको. ही रेघ स्कॅनमध्ये टिकते आणि पुढे डीटीपीच्या टेबलावर पुसली जाते, कारण फाइल चालत नाही म्हणून ती लहान केली जाते. ही सवय सोडायला हवी.

ए-झिरो आकाराचा ताव ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केला, तर जवळजवळ १४ कोटी पिक्सेल होतात आणि उघडल्यावर ते सुमारे ४०० एमबी मेमरी खातात. डीटीपीच्या टेबलावर अजून चालणारं फोटोशॉप ७ हे २००२ चं. ते मागच्या २० पायऱ्या जपून ठेवतं, आणि विंडोजवर अशा ३२-बिट प्रोग्रॅमला साधारण २ जीबीच मेमरी मिळते. नकाशा फिरवून सरळ केला, रंग सुधारला, की उरलेला भार ते हार्डडिस्कवर लिहीत बसतं. मग ऑपरेटर वैतागून १०० डीपीआयवर आणतो आणि जेपीईजी करतो. १:५००० च्या नकाशात गुंठ्याची ३३ फुटांची बाजू कागदावर जेमतेम २ मिलिमीटर भरते. ३०० डीपीआयला तिथे २४ पिक्सेल असतात, १०० ला ८. तीन पिक्सेलची हद्दीची रेघ एकाची होते, कागदाचा पिवळेपणा तिच्यात मिसळतो आणि गट क्रमांकातला आकडा ३ की ८, हे अंदाजाने वाचावं लागतं. गेलेला तपशील पुढे कुठलंही नवं सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

नवं सॉफ्टवेअर घ्या, असं सांगणं सोपं आहे. पण युनिकोडपूर्व फाँटांतली कितीतरी मराठी कामं जुन्याच आवृत्तीत नीट उघडतात आणि दरमहाची वर्गणी छोट्या दुकानाला जड जाते. त्याची गरजही नाही. मूळ टिफ फाइल बाजूला जपावी आणि तिच्या प्रतीतून हवे ते गट, शेजारच्या पट्ट्यासह, कापून घ्यावेत. तुकडे पुन्हा जुळायचे असतील तर सगळ्यांना एकाच कोनात फिरवावं. ग्रेस्केल केलं की भार एक तृतीयांशावर येतो. मात्र दुरुस्त्या लाल शाईत असतील तर रंग ठेवलाच पाहिजे. अख्खा नकाशा पाहायला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, आणि पिरॅमिड, म्हणजे त्याच चित्राच्या लहान आकाराच्या तयार प्रती, बांधून घेतले की मोठी फाइलही त्यात सहज फिरते.

हद्द शेवटी भूमी अभिलेखच्या मोजणीनेच ठरते, स्कॅनने नाही, हा आक्षेप खरा आहे. पण मोजणीचा अर्ज करायचा, तडजोड करायची की कोर्टात जायचं, हे लोक हातातल्या प्रिंटवरूनच ठरवतात. म्हणून प्रिंटच्या कोपऱ्यात मूळ स्कॅन किती डीपीआयचं होतं ते लिहावं, आणि गिऱ्हाइकाने प्रिंटसोबत मूळ फाइलही मागून घ्यावी.